कानांनी पाहिलेले जुने सिनेमे आणि मालिका : आतापर्यंतची नोंद

जुने सिनेमे आणि दूरदर्शनच्या मालिका पुन्हा पाहायला घेतल्या, त्याचा पहिला मोठा टप्पा संपला. या वेळी ठरवलं होतं की सगळं आवाजाच्या अंगाने तपासायचं. कथा, अभिनय, कॅमेरा यांवर भरपूर बोलून झालंय. पण आवाज कुठून येतो, कुणाचा असतो आणि कधी थांबतो, यावर आपल्या रसिकांत फारसं बोलणं होत नाही.

पद्धत साधी आहे. सिनेमा एकदा नेहमीसारखा पूर्ण पाहायचा. मग महत्त्वाचे प्रसंग हेडफोन लावून, पडदा बंद ठेवून फक्त ऐकायचे. वहीत दोन रकाने. डावीकडे प्रसंगातले आवाज लिहायचे : दार, भांडी, पावलं, कुणी म्हटलेलं गाणं. उजवीकडे वरून चढवलेलं पार्श्वसंगीत. पान भरलं की दिग्दर्शकाचा भरवसा कशावर आहे ते लगेच समजतं. रडवायचं काम तो माणसांकडून करून घेतो की व्हायोलिनकडून, हे त्या दोन रकान्यांत उघड होतं.

सुरुवात 'कुंकू'पासून केली. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 1937 चा सिनेमा, दिग्दर्शन व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. याची उजवी बाजू कोरीच राहते, कारण या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते सगळं त्या घरातलं, नाहीतर रस्त्यावरचं. बोलपटाला मराठीत जेमतेम पाच वर्षं झाली होती ('अयोध्येचा राजा' 1932 चा), आणि आवाज मिळाला म्हणून सगळीकडे वाद्यवृंद ओतण्याचा मोह त्या काळात केवढा असेल! त्यात हा निर्णय घेणं म्हणजे धाडसच होतं.

गाण्यांचंही तसंच. प्रत्येक गाण्याला प्रसंगातच उगम आहे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, ग्रामोफोनवर तबकडी लावते आणि तिच्या साथीने लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. 1937 सालच्या मराठी वाड्यातली मुलगी आपलं बळ गोळा करण्यासाठी इंग्रजी कविता गाते आहे, आणि साथ एका यंत्राची, कारण त्या घरात साथ देणारं माणूस फारसं नाही. 'मन सुद्ध तुझं' हे शांताराम आठवल्यांचं गाणं मास्टर परशुरामच्या तोंडी आहे. रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या पोराचा तो आवाज बाहेरून घरात शिरतो. डोळे मिटून ऐकलं की आत आणि बाहेर यांतलं अंतर नेमकं जाणवतं. पोर मोकळं आहे, नीरा भिंतीआड आहे, आणि धीर देणारा पोर आहे.

केशवराव दाते यांच्या काकासाहेबांबद्दल, म्हणजे नीराच्या म्हाताऱ्या नवऱ्याबद्दल, माझं मत या फेरीत पक्कं झालं. त्यांच्या अभिनयाची तारीफ नेहमी चेहऱ्याची होते, आरशासमोरच्या प्रसंगांची होते. मला त्यांचा घसा जास्त मोठा वाटतो. सुरुवातीला वाक्याच्या शेवटी आवाज खाली टेकवून हुकूम देणारा हा वकील पुढे पुढे वाक्य पुरं करायला कचरतो. मागे संगीत नसल्यामुळे ही घसरण झाकली जात नाही. मागे एखादी सारंगी असती तर आपल्याला काकासाहेबांची कणव लवकर आली असती आणि नीराचा मुद्दा सौम्य झाला असता. माझ्या यादीत 'कुंकू' सध्या पहिल्या क्रमांकावर आहे, आणि तो तिथून हलेल असं वाटत नाही.

'संत तुकाराम' (1936) दुसरा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. फत्तेलाल कलादिग्दर्शनातले, दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार. ही जोडी लक्षात ठेवून सिनेमाची सुरुवात ऐका. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम 'पांडुरंग ध्यानी' म्हणतो. एक माणूस, संथ लय, शब्द सुटे सुटे आणि स्वच्छ. आणि मग तोच अभंग तुकारामाची कविता आपली म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोच्या तोंडी येतो. शब्द तेच, पण त्यावर ताना, हरकती, ठसका आणि पुढ्यात माना डोलावणारी मंडळी. चोरी झाली आहे हे सांगायला एक संवादही लागत नाही, गाण्याची ढबच ते सांगून जाते. केशवराव भोळ्यांचं संगीत दिग्दर्शन म्हणजे नुसत्या चाली नव्हेत, कुणी कसं गायचं याचा तो विचार आहे. पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. त्यांना नाट्यपदाच्या ताना येत नव्हत्या असं थोडंच आहे? त्यांनी त्या बाजूला ठेवल्या.

याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' हे आठवल्यांनी लिहिलेलं पद कित्येकांना तुकोबांचंच वाटतं. आजही भजनात ते तुकोबांचं म्हणून गायलं जाताना मी ऐकलं आहे.

पण कानांनी पाहताना हा सिनेमा तुकारामाच्या बायकोचा, आवलीचा होतो. आवली झालेल्या गौरीचा आवाज खरखरीत, गावच्या उन्हात तापलेला. तुकाराम गातो तेव्हा ती कामात असते, करवादत असते. पोराला ओढत, हातात वहाण घेऊन देवळात जाते तो प्रसंग तर सर्वांना आठवत असेल. नुसता ऐकला तर कळतं की त्या बोलण्याला स्वतःची लय आहे, अभंगाइतकीच पक्की. तुकारामाच्या गाण्याला तिची कटकट हीच खरी साथ आहे. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 मध्ये या चित्रपटाचा जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गौरव झाला. त्या प्रेक्षकांना मराठी कळत नव्हतं, पण या दोन आवाजांतला फरक पोचला असणार, अशी माझी खात्री आहे. शेवटचा वैकुंठगमनाचा भाग मला मात्र ऐकायला कमी भावतो. तिथे डोळ्यांना इतकं दिलंय की कानाला काही उरत नाही.

'माणूस' (1939) थोडक्यात. 'कशाला उद्याची बात' लोकप्रिय आहे ते योग्यच, शांता हुबळीकरांचा आवाज जिवणीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा येतो. पुढची वेगवेगळ्या भाषांतली कडवी मजेची आहेत, पण हुबळीकरांच्या मैनेचं दुःख तेवढ्यापुरतं बाजूला पडतं. मराठी कडवं संपलं की माझं ऐकणं सैल होतं. चहावाल्या पोऱ्याच्या भूमिकेतले राम मराठे मात्र चुकवू नका. पुढे एवढा मोठा गवई झालेला माणूस इथे कोवळ्या आवाजात भेटतो.

इथे प्रिंटबद्दल बोलायलाच हवं. जुन्या चित्रपटांचा आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीवर प्रकाशाने छापलेला असतो. पट्टीवर धूळ बसली, चरे पडले की खरखर येते. आज फिरणाऱ्या कित्येक प्रतींमध्ये ही खरखर घालवण्यासाठी फिल्टर मारलेला असतो. त्यात 'स' आणि 'श' बोथट होतात, टाळ्यांचा काठ जातो, आणि दोन संवादांमधली खोलीची हवा तर पार पुसली जाते. 'कुंकू'सारख्या चित्रपटात ती हवाच महत्त्वाची. म्हणून माझा आग्रह आहे : खरखरीची प्रत मिळत असेल तर तीच ऐका. थोड्या वेळाने कान तिला मागे ढकलतो. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ नायट्रेट फिल्म्सही (त्या चटकन पेट घेतात) गेल्या. जे हाती उरलंय ते आणखी घासून गुळगुळीत करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आता मालिका. 'ब्योमकेश बक्षी' (1993), बासू चटर्जींची. आनंद शंकर यांचं शीर्षकसंगीत वाजलं की कित्येकांचं बालपण समोर उभं राहतं, पण प्रत्यक्ष भागांमध्ये संगीत किती जपून वापरलंय ते ऐकण्यासारखं आहे. रजित कपूर (गुप्तहेर ब्योमकेश) आणि के. के. रैना (त्याचा मित्र अजित) एका खोलीत बसून बोलतात, चहाचे कप ठेवले जातात, बस.

'रास्ते का कांटा' हा भाग या टप्प्याचा मुकुटमणी. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. भर रस्त्यात माणसं कोसळतात, छातीत ग्रामोफोनची पिन रुतलेली सापडते, आणि बंदुकीचा आवाज कुणीच ऐकलेला नसतो. हत्यार सायकलच्या घंटीत दडवलेलं आहे. घंटी वाजते, पिन सुटते, आणि रस्त्यावर सायकलची घंटी कोण लक्षात ठेवतो? शरदिंदु बंद्योपाध्यायांची ही कल्पना मुळात कानाची आहे. उकल माहीत असताना हा भाग पुन्हा ऐका. रस्त्याच्या प्रत्येक प्रसंगात घंटीकडे कान लागतो, आणि आपण आजवर रस्त्यावरचे किती आवाज गाळून टाकत आलो हे ध्यानात येतं. बासूदांनी घंटी वाजवताना कुठेही संगीताने बोट दाखवलेलं नाही. प्रेक्षकालाही साक्षीदारांइतकंच बेसावध ठेवलंय. आजच्या कुठल्याही मालिकेत तिथे तीनदा ढोल बडवला असता.

'मकड़ी का रस' त्या मानाने उलट्या प्रकारचा. अजित जाऊन सगळं पाहून येतो आणि ब्योमकेश घरी बसून त्याच्या सांगण्यावरून एका म्हाताऱ्याचं गुपित ओळखतो. म्हणजे गुप्तहेर इथे नुसता ऐकणारा! रैनांचं ते सांगणं, थोडं गोंधळलेलं, थोडं आपल्या हुशारीवर खूश, हे फार बारीक काम आहे. भाग म्हणून मात्र तो मधे रेंगाळतो.

फाळणीच्या दंगलींवरची 'तमस' (1988) एका बैठकीत ऐकवत नाही. वनराज भाटियांच्या शीर्षकसंगीतातली ती 'ओ रब्बा' ही आर्त हाक पुढचं सगळं बोलून टाकते. आणि लगेच तो सुरुवातीचा लांबलचक प्रसंग : बंद खोलीत ओम पुरींचा नत्थू आणि त्याला मारायला सांगितलेलं डुक्कर, ज्यावरून पुढे दंगल पेटते. संवाद जवळजवळ नाहीत. धाप, घुरघुर, पायांची फरफट. गोविंद निहलानींनी हा प्रसंग एवढा का ताणला असं म्हणणारे भेटतात. ऐकून पाहा. नत्थूचा श्वास जसजसा तुटत जातो, तसतसं एका गरीब माणसाच्या हातून काय करवून घेतलं जातंय ते अंगावर येतं. तो छोटा असता तर पुढची दंगल बातमीसारखी वाटली असती.

श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'चे 53 भाग आहेत आणि मी त्यांच्या वाटेवरच आहे, म्हणून आत्ता एवढंच. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्ताचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद आणि त्यावरचं भाटियांचं संगीत, याला तोड नाही. शिवाजी महाराजांच्या भागांत निवेदन ओम पुरींचं आणि औरंगजेबही तेच. नसीरुद्दीन शाह यांच्या महाराजांसमोर तोच गळा येतो जो आपल्याला इतिहास सांगतोय. काहींना हे खटकतं. मला यात बेनेगलांची समज दिसते : इतिहास सांगणाऱ्याचा आवाज तटस्थ नसतो हे कानाला आपोआप कळतं. महात्मा फुल्यांच्या भूमिकेतले सदाशिव अमरापूरकरही जरूर ऐका. खलनायकीच्या ओळखीमागे झाकलेला त्यांचा मऊ, ठाम स्वर तिथे सापडतो.

मधे 'सामना' (1974) ऐकून घेतला, यादीबाहेरचा. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा गावातल्या नाहीशा झालेल्या माणसाबद्दलचा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर येतो, हे लिहून काढताना प्रथमच नीट उमगलं. डॉ. लागूंचा मास्तर तो कधी बरळतो, कधी हळू विचारतो, कधी त्यात धार येते. निळू फुल्यांचा हिंदुराव, गावचा सत्ताधारी पुढारी, त्यावर गप्प बसतो तेव्हा ती गप्पही तोलूनमापून घेतलेली आहे. आणि आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे', भास्कर चंदावरकरांची चाल, रवींद्र साठ्यांचा आवाज. उजव्या रकान्यात लिहावं लागलं तरी मनापासून आवडलेलं असं हे एकच गाणं. ते प्रसंगाला रंग देत नाही, त्याच्या शेजारी उभं राहून विचारतं.

पुढच्या टप्प्यात 'शेजारी' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'पडोसी' (दोन्ही 1941) समोरासमोर ठेवायचे आहेत. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, हिंदीत मझहर खान आणि जागीरदार. दोन शेजाऱ्यांपैकी मुसलमान असलेला मिर्झा दोन्हींत जागीरदारच, तेव्हा समोरचा माणूस बदलला की त्यांचा सूर कुठे बदलतो ते तपासता येईल. धरण फुटण्याच्या प्रसंगाचा आवाज दोन्हींत एकच आहे का, हेही पाहायचं आहे. त्यानंतर 'सिंहासन' (1979), त्यातला निनावी फोन आणि पत्रकार दिगू टिपणीसचं शेवटचं हसू. 'पडोसी'ची फिल्टर न मारलेली प्रत कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा. माझ्याकडच्या प्रतीत धरणाचं पाणी पाण्यासारखं वाजतच नाही.