बटणाच्या जागी पिन

मंगळवार, रात्री

जेवणं उरकल्यावर अमेरिकन चित्रकर्ती एलिझाबेथ कॅटलेटचं ‘शेअरक्रॉपर’ हे चित्र काढून बसले. १९५२ चा लिनोकट, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेला छाप. चित्रातली बाई अमेरिकेच्या दक्षिणेतली, दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारी. पण तो कोरला गेला मेक्सिकोत. कॅटलेट तिथल्या ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ या लोकांसाठीच्या छापचित्रांच्या कार्यशाळेत काम करायची. चित्रकार लिओपोल्दो मेंदेस आणि त्याच्या सोबत्यांनी १९३७ मध्ये मेक्सिको सिटीत ही कार्यशाळा काढली. लिनोलियम स्वस्त, कोरायला मऊ. पत्रकं, पोस्टरं झटपट निघायची.

खरं सांगायचं तर तिथली बरीच चित्रं मला जड जातात. आवळलेल्या मुठी, बंदुका, मागे झेंडे. सुरुवातीला अंगावर येतात, मग सगळी एकाच माळेतली वाटायला लागतात. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतातल्या मजुरांच्या चित्रांकडे मात्र परत परत जावंसं वाटतं. तो एनेकेनचा मुलूख. एनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचा भाऊबंदच: टोकाला काटा, पानात वाख. हासिएंदावर, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या मळ्यावर, राबणाऱ्या तिथल्या मूळच्या माया मजुरांच्या नावावर मालकाच्या दुकानाची उधारी चढत जायची, ती काही फिटायची नाही. मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत देशाच्या उत्तरेतल्या याकी आदिवासींनाही पकडून तिथं धाडलं. आणि त्या वाखाची सुतळी जायची कुठं, तर अमेरिकेतल्या कापणीयंत्रांत, गव्हाच्या पेंढ्या बांधायला!

कॅटलेटच्या चित्रात यातलं काहीच नाही. शेत नाही, अवजार नाही, बाईचे हातसुद्धा नाहीत. रुंद काठाची गवती टोपी, खालून पाहिल्यासारखा चेहरा, पांढरे केस, ताठ मान. नजर आपल्याकडे नाही, बाजूला कुठंतरी. तरी ती आयुष्यभर उन्हात राबलीय हे सांगावं लागत नाही. टोपीची काडी न् काडी कोरलेली. लिनोकटमध्ये कोरून काढलेलं पांढरं राहतं, ठेवलेल्याला शाई लागते. म्हणजे गालावरचा, गळ्याच्या शिरांवरचा उजेड कॅटलेटनं बारीक रेघारेघांनी खणून काढलाय. एक रेघ जास्त गेली तर भरून काढायची सोय नाही.

आणि गळ्याशी जॅकेट अडकवलंय ते सेफ्टी पिनेनं. मला हीच जागा सगळ्यात आवडते. झेंडेवाल्या चित्रांत कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं मला तरी आठवत नाही.