परदेशातल्या नळाचे पाणी प्यावे की नाही?

परदेशप्रवासाला निघालेल्या माणसाचा पाण्याविषयीचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: त्या देशात नळाचे पाणी पिता येते का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना निर्दोष असलेले पाणी आपल्या खोलीतल्या पेल्यापर्यंत पोचेपर्यंत बिघडू शकते, आणि देशाच्या नावावरून ते कळत नाही. मेक्सिको सिटीत असंख्य इमारतींच्या गच्चीवर ‘तिनाको’ म्हणून ओळखली जाणारी टाकी असते. नळाला येणारे पाणी त्या टाकीतून येते, त्यामुळे ती शेवटची कधी धुतली गेली यावर त्याची शुद्धता अवलंबून राहते. जिथे पुरवठा दिवसातून काही तासच चालतो, तिथे पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून मी नव्या ठिकाणी तीन गोष्टी विचारते: पाणी चोवीस तास येते का, इमारतीला टाकी आहे का, आणि इथे राहणारे लोक स्वतः काय पितात. स्थानिक लोक नळाचे पाणी पितात एवढ्यावरून ते आपल्याला बाधणार नाही असे ठरत नाही, कारण तिथल्या जंतूंशी त्यांची ओळख जुनी असते. पण तेच लोक नळ टाळून विकतचे पाणी घरी आणत असतील, तर वेगळी चौकशी करण्याची गरज उरत नाही.

चव, वास आणि रंग यांच्यावर मात्र मुळीच विसंबू नये. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना एक चमत्कारिक मृत्यू आढळला. सुझॅना एली नावाची विधवा सोहोपासून दूर, हॅम्पस्टेडला राहत होती आणि तिच्या परिसरात कॉलरा नव्हता. पण पूर्वी सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटवर राहिलेल्या या बाईंना तिथल्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडत असे की रोज एक बाटली त्या मुद्दाम गाडीवरून मागवून घेत. ते पाणी प्यायल्यावर दोन दिवसांत त्या दगावल्या. दोष त्या पंपाच्या पाण्यातच आहे, या स्नो यांच्या म्हणण्याला या एका बाटलीने मोठे बळ दिले. उलट उदाहरण आइसलँडचे आहे. रेक्याविकमध्ये गरम पाण्याच्या नळाला गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून नवखे प्रवासी दुकानातून बाटल्या आणतात. वस्तुतः तो वास भूगर्भातून येणाऱ्या गरम पाण्याचा असतो आणि थंड पाण्याचा नळ अगदी उत्तम असतो. (पिण्यासाठी गरम पाण्याचा नळ कुठल्याच देशात वापरू नये, कारण ऊन पाण्यात जुन्या पाइपांतले शिसे आणि इतर धातू अधिक विरघळतात.)

जिथे पाणी खरोखर चांगले आहे तिथे उगाच भीती बाळगून बाटल्यांचा ढीग करण्यातही अर्थ नाही. रोममध्ये १८७४ पासून रस्तोरस्ती बिडाचे छोटे नळखांब आहेत. त्यांतून वाहणारे थंडगार पाणी शहराच्या पुरवठ्याचेच असते. खालच्या तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक छिद्रातून पाण्याची कमान उसळते आणि ओणवे न होता पिता येते. एकदा ही युक्ती जमली की दिवसभर बाटली विकत घेण्याचे कारण राहत नाही. विमानतळावरही सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते आणि पलीकडे ती भरून घेता येते.

शंका असेल तिथे सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे उकळणे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. सुमारे २,००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे ठेवावे, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळते. पेरूमधले कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे, तिथे उकळीचे तापमान ९० अंशांच्याही खाली येते. तेवढ्या उष्णतेनेही जंतू मरतात, फक्त थोडा अधिक वेळ देणे शहाणपणाचे. हॉटेलातली विजेची किटली उकळी येताच आपोआप बंद होते, याची काळजी करू नये. झाकण न उघडता पाणी तसेच निवू दिले तर ते बराच वेळ पुरेसे गरम राहते.

गाळणीच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. प्रवासात मिळणाऱ्या पोकळ तंतूंच्या गाळण्यांची छिद्रे साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी त्यांच्या कितीतरी पटींनी मोठे असल्यामुळे अडतात, जिवाणूही अडतात. पण हेपटायटिस ए किंवा नोरोव्हायरससारखे विषाणू इतके सूक्ष्म असतात की ते बिनदिक्कत पलीकडे जातात. क्लोरीनच्या गोळ्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे: त्या विषाणू आणि जिवाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम त्यांना दाद देत नाही. हा परजीवी किती चिवट आहे ते १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात दिसले. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून तो पसरला आणि अंदाजे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून माणसांची आणि जनावरांची वस्ती जवळ असेल अशा ओढ्या-नद्यांचे पाणी मी आधी गाळते आणि मग त्यात गोळी टाकते. साध्या क्लोरीनहून वेगळी अशी क्लोरीन डायऑक्साइडची गोळी या परजीवीलाही मारते, पण ती एकटी वापरली तर त्यासाठी चार तास थांबावे लागते. पाणी थंड असेल तर कुठल्याही गोळीला अधिक वेळ द्यावा, आणि गढूळ असेल तर ते आधी निवळू देऊन कापडातून गाळून घ्यावे. अतिनील किरणांचा दिवाही पाणी नितळ असेल तरच उपयोगाचा, कारण मातीच्या कणांआड जंतू सुखरूप राहतात.

गोळी टाकल्यावर एक छोटे काम बहुतेक जण विसरतात. बाटलीच्या तोंडावरच्या आट्यांमध्ये आणि झाकणात मूळचे अशुद्ध पाणी अडकून राहते. गोळी विरघळली की झाकण किंचित सैल करून बाटली उलटी करावी, औषधाचे पाणी आट्यांतून पाझरू द्यावे आणि मग झाकण घट्ट लावून वेळ मोजावी. पोकळ तंतूंच्या गाळणीचेही एक पथ्य आहे: एकदा ओली झालेली गाळणी थंडीत गोठली तर बर्फाने तिचे तंतू फुटतात, पण बाहेरून काहीच दिसत नाही. हिमाच्छादित प्रदेशात ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ घेऊन झोपावे.

हे सारे उपाय जंतूंसाठी आहेत. रसायनांपुढे ते निरुपयोगी ठरतात. बांगलादेशात जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि १९९०च्या दशकात लक्षात आले की त्यांतल्या अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमची आहे. असे पाणी उकळल्याने आर्सेनिक कमी होत नाही. वाफ उडाल्यामुळे त्याची तीव्रता थोडी वाढतेच. अल्प मुक्कामात याचा धोका कमी असतो, पण महिनोन्महिने राहायचे असेल तर स्रोताची चौकशी करावी.

विकतच्या बाटलीचे सील आपल्या डोळ्यांदेखत मोडले जावे. शंका वाटेल तिथे मी सोड्याचे पाणी मागते, कारण झाकण उघडताना येणारा फसकन आवाज हीच पुन्हा न भरल्याची खूण असते. बर्फाबद्दल मात्र माणसे कमालीची बेसावध असतात. गोठल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, आणि पेयात मद्य आहे म्हणून ते निर्जंतुक होते हाही भ्रमच आहे. दात घासण्यासाठीही पिण्याचेच पाणी घ्यावे. विमानातही टाकीतल्या पाण्यापेक्षा बाटलीचे मागावे.

एवढे करूनही पोट बिघडू शकते, म्हणून माझ्या बॅगेत जलसंजीवनीची पाकिटे असतात. काही पाकिटे एक लिटर पाण्यासाठी असतात, तर काही २०० मिलिलिटरसाठी, तेव्हा आधी पाकीट वाचावे. कमी पाण्यात घट्ट द्रावण केले तर जुलाब वाढण्याची शक्यता असते. पाकीट नसेल तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढला असेल किंवा लघवी जवळजवळ बंद झाली असेल, तर द्रावण पीत पीत डॉक्टरकडे जावे.