हापूसची बोटं

पहाटे ३ ला रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर ५४, फारच कमी. लेक साडेपाच वर्षांची, टाइप १ डायबिटीस, म्हणजे इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं. झोपेतच घामाने भिजलेली. उठवून बसवलं, ग्लुकोजचं पाणी घोटघोट पाजलं. १५ मिनिटांनी ९२. आणि सकाळी ७ ला २६८! जेवण रोजचंच, वरणभात. इन्सुलिनही तेवढंच. नवरा वहीत आकडे लिहीत बसतो, जणू कधीतरी ताळा जमेल.

डॉक्टर म्हणतात, मूल संध्याकाळी खूप धावलं की स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. काल शिवाजी पार्कात दोन तास पकडापकडी झाली, खरंय. पण परवाही झाली होती, तेव्हा रात्री १४०. मग?

दुपारी तर थेट ३८९. माझे हातपाय गार. इन्सुलिनच्या पेनवर डोस लावतेय तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिचे हात बघ आधी." हापूसची कोय चोखून बोटं फ्रॉकला पुसलेली! रस रक्ताच्या थेंबात मिसळला. हात साबणाने धुऊन परत टोचलं: १७१. त्या ३८९ वर इन्सुलिन दिलं असतं तर... (हात धुवा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आम्हाला.)

आता ३ चा अलार्म लावलाय. ती बोट चोखत झोपलीये. नेमकं टोचायचं तेच.