माझा अनुभव : तीन वेळा परत आलेलं एक पान

ज्वँव्हीलवरचा माझा लघुप्रबंध तीन वेळा परत आला, तोही एका पानासाठी. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर १२४८ मध्ये क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, निघालेला हा फ्रान्समधल्या शांपेन प्रांताचा सरदार. गड सोडताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. आत दोन लेकरं होती, पाय अडखळेल ही भीती. ते प्रकरण, इजिप्तमधली लढाई, कैद, सगळं बिनबोभाट पास. घोडं अडलं कैदेतून सुटकेच्या खंडणीवर.

मार्गदर्शक बाईंनी तीन आकड्यांना लाल गोल केले होते : ८ लाख बेझंट (पूर्वेकडची सोन्याची नाणी), ४ लाख लिव्र (फ्रान्सचं चलन), २ लाख लिव्र. शेजारी शेरा, "नक्की किती ते ठरवा." अहो, तिन्ही बरोबर! सुलतानाने मागितले १० लाख बेझंट, ज्वँव्हीलच्या हिशेबाने ५ लाख लिव्र. राजाने घासाघीस केली नाही म्हणून खूश होऊन त्याने १ लाख लिव्र सोडले. उरले ४ लाख लिव्र, म्हणजेच ८ लाख बेझंट. त्यातले निम्मे राजाने नदीवरून हलण्याआधी द्यायचे, ते २ लाख. तोंडी सांगितलं, तर "मला नको, कागदावर." लिहिलं, तर "इतकी मोठी तळटीप?" तिसऱ्यांदा, "आणि हे ३० हजार कुठले?"

तराजूवर एका खेपेला १० हजार लिव्र, अशी दोन दिवस मोजणी चालली आणि शेवटी ३० हजार कमी पडले. टेम्पलरांकडे, म्हणजे धर्मयुद्धात लढणाऱ्या व्रतस्थ योद्ध्यांच्या संघाकडे, पैसे होते, पण लोकांच्या ठेवी, द्यायच्या नाहीत अशी शपथ. ज्वँव्हील त्यांच्या जहाजावर गेला, पेटीसमोर कुऱ्हाड उचलली आणि म्हणाला, हीच राजाची किल्ली. मग खरी किल्ली मिळाली. विभागाबाहेरच्या बाकावर दीड तास बसून मला त्या कुऱ्हाडीचा फार हेवा वाटला.

शेवटी चार ओळींचा तक्ता केला. पाच मिनिटांत सही! तेव्हा परकी नाणी असतील तर तक्ता पहिल्याच दिवशी करा. हो, आणि नावाचं स्पेलिंगही तेव्हाच ठरवा. माझ्याकडे निम्म्या पानांवर 'जॉइनव्हिल' होतं. सनावळीही तपासून घ्या, कारण त्याने हे सगळं ऐंशी ओलांडल्यावर सांगितलंय, पुस्तक पुरं झालं १३०९ मध्ये.

सही करताना बाई म्हणाल्या, "आता पीएचडीला याच विषयावर या." १२७० च्या मोहिमेला राजाने पुन्हा बोलावलं, तेव्हा ज्वँव्हीलने मागच्या खेपेला आपल्या रयतेचे हाल झाले म्हणून नकार दिला होता. मी "बघते" म्हटलं आणि फाईल उचलली.