माजी विद्यार्थ्याच्या मुलाखतीचे वजन किती?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात म्हापशाचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन पणजीत आले आणि बसता बसता त्यांनी चहाच्या टेबलावर काजूंचा डबा ठेवला. मी ज्या अमेरिकन विद्यापीठात शिकलो, तिथल्या पदवी अभ्यासक्रमासाठी मुलाने अर्ज केला होता आणि माजी विद्यार्थी या नात्याने त्याची मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी डबा परत केला आणि वडिलांना मांडवीच्या काठाने तासभर फिरून यायची विनंती केली. उठताना त्यांनी विचारलेच, "सर, तुमच्या हातात किती टक्के?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे बारावीनंतर गुणवत्ता यादी लागते आणि मुलाखत म्हटली की नोकरीचीच आठवते, जिथे समोरचा माणूस एकतर स्वतः निर्णय घेतो, नाहीतर त्याची कुणाशी तरी ओळख असते. त्यामुळे माझ्यासारख्या हौशी स्वयंसेवकाकडेही पालक वशिल्याच्या नजरेने पाहतात.

प्रत्यक्षात मुलाचे गुण, त्याचे निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे यांतले काहीच मला दाखवले जात नाही. मी तासभर बोलतो, पानभर अहवाल पाठवतो आणि तो अहवाल प्रवेश कार्यालयातल्या जाड फाइलीतला एक कागद होतो. तो वाचणाऱ्यांना हेही ठाऊक असते की मुलाखत घेणाऱ्यांत कुणी सढळ हाताचा असतो, तर कुणी कंजूष. प्रवेशात वंशावरून भेदभाव होतो, या आरोपावरून हार्वर्ड विद्यापीठाविरुद्ध झालेल्या खटल्याची सुनावणी 2018 मध्ये बॉस्टनला झाली आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्यात वादींचा एक मुद्दा असा होता की आशियाई वंशाच्या अर्जदारांना माजी विद्यार्थ्यांनी व्यक्तिमत्त्वासाठी गोऱ्या अर्जदारांच्या तोडीचे गुण दिले, पण त्यांना न भेटलेल्या प्रवेश कार्यालयाने मात्र कमी दिले. त्या भेदभावाच्या आरोपाविषयी कुणाचे मत काहीही असो, आमचे गुण कार्यालयावर बंधनकारक नसतात, एवढे त्यातून उघड झाले. शिवाय जगभर पसरलेल्या सगळ्या अर्जदारांना माजी विद्यार्थी भेटणे शक्य नसल्यामुळे, मुलाखत न झाल्याने नुकसान होत नाही, असे हार्वर्ड स्वतःच सांगते. ब्राउन विद्यापीठाने तर या मुलाखती बंद करून अर्जदाराने स्वतः पाठवलेली छोटी चित्रफीत स्वीकारायला सुरुवात केली.

मग या मुलाखतीचा उपयोग काय? माझ्या अनुभवाप्रमाणे, फाइलीत अन्यत्र नसलेली एखादी गोष्ट तिच्यातून पुढे आली तरच होतो. काही वर्षांपूर्वी दिवाडीहून फेरीबोटीने आलेली एक मुलगी पहिली दहा मिनिटे पाठ केलेली उत्तरे देत होती. घराजवळच्या खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, विषय निघाला आणि ती खुलली. भरतीचे पाणी अडवणाऱ्या आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणाऱ्या मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, फळी कुजल्यावर शेतात खारे पाणी कसे शिरते, हे तिने कागदी रुमालावर पेनाने आकृती काढून दाखवले. मी मध्येच केलेली चूकही तिने, काहीशा संकोचाने का होईना, दुरुस्त केली. त्या चुकीसकट सगळे मी अहवालात लिहिले. "हुशार, नम्र, मेहनती" असे लिहून भागले असते, पण तसे अहवाल कार्यालयात ढिगाने येत असणार.

उलट बाजूने नुकसान मात्र सहज होऊ शकते. मुलाच्या नावाने आईने पाठवलेली ई-मेल ओळखू येते आणि ज्या संशोधनावर अर्जात परिच्छेद लिहिला आहे त्याविषयी दोन वाक्येही बोलता न येणारा मुलगा स्वतःच्याच अर्जावर शंका निर्माण करतो.

म्हापशाच्या गृहस्थांना मी सांगितले की टक्के मोजता येणार नाहीत. जिथे शंभर अर्जदारांतल्या चौघांनाही जागा मिळत नाही, तिथे माझा अहवाल फार तर काठावरच्या अर्जाला किंचित झुकवील. त्यांना ते पटले नाही. मीच काहीतरी लपवतो आहे, अशा नजरेने त्यांनी डबा पिशवीत ठेवला. दिवाडीच्या मुलीविषयी मी त्यांना बोललो नाही. तिच्यासाठी मी आजवरचा सर्वांत चांगला अहवाल लिहिला होता आणि मार्चअखेर आलेल्या यादीत तिचे नाव नव्हते.