पट्टी दाबायची तरी किती?

पियानोची पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन पुरतं आणि ती जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते. तळाला टेकायच्या किंचित आधीच आतली हातोडी सुटून तारेवर आदळते. ती सुटली की पट्टी कितीही जोरात दाबा, स्वरात काडीचाही फरक पडत नाही. तरी माझ्याकडे हात दुखतो म्हणून येणारे बहुतेक जण स्वर वाजून गेल्यावरही पट्टी दाबूनच बसलेले असतात. बरीच दुखणी या फुकट जाणाऱ्या जोरातून सुरू होतात, हे इतकी वर्षं शिकवून झालेलं माझं पक्कं मत आहे.

मी स्वतः शिकत होते तेव्हा उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत कळ यायची. त्या वेळचे माझे सर म्हणायचे, बोटं कमकुवत आहेत, व्यायाम वाढव. चार बोटं पट्ट्यांवर दाबून धरायची आणि एकटी अनामिका उंच उचलायची. मी वाढवला, कळही वाढली. अनामिकेच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांच्या कंडरांना जोडलेल्या असतात. ती एकटी फार वर जाणारच नाही, मग ताकद कितीही कमवा. हे मला फार उशिरा कुणी तरी सांगितलं.

सांगणाऱ्या बाई डोरोथी टॉबमन यांच्या पद्धतीत तयार झालेल्या होत्या. टॉबमन (1917–2013) या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या शिक्षिका. हाताच्या दुखण्याने वाजवणं अवघड झालेले किती तरी वादक त्यांच्याकडे यायचे. त्यांचं म्हणणं असं, की बोट, पंजा आणि कोपराखालचा हात हे मिळून एकच अवयव आहेत असं समजून वाजवा. कुलपात किल्ली फिरवताना कोपराखालचा हात जसा वळतो, तसा तो प्रत्येक स्वराला अगदी थोडा वळला पाहिजे. सुरुवातीला हे वळणं मोठं करून शिकवतात, मग लहान करत करत डोळ्यांना दिसेनासं करतात. त्या बाईंनी माझ्याकडून पाच स्वर इतके सावकाश वाजवून घेतले की मला रडू यायचं. पण कळ गेली. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने शिकवावंसं मला वाटलंच नाही.

आता माझ्याकडे एक मुलगी येते, पंजा लहान. तिच्या एका तुकड्यात पानभर सप्तकं आहेत, म्हणजे एक स्वर अंगठ्याने आणि पुढच्या सप्तकातला तोच स्वर करंगळीने, एकाच वेळी. एका सप्तकाची रुंदी साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. ती पहिल्या सप्तकाला पंजा ताणायची आणि पान संपेपर्यंत तसाच ताणलेला ठेवायची. शेवटच्या ओळीला अंगठ्याचा तळवा दगडासारखा व्हायचा. मी तिला एकच सप्तक वाजवायला लावलं, आणि स्वर ऐकू आला की लगेच पंजा मिटू द्यायचा. मिटवायचा नाही हं, मिटू द्यायचा. मग पुढचं सप्तक. हे अंगवळणी पडायला बरेच आठवडे गेले आणि तेवढे दिवस वेग अजिबात वाढवू दिला नाही. तिची आई काळजीत होती, परीक्षा जवळ आली होती. मी म्हटलं, परीक्षा पुढच्या वर्षीही असते.

मनगटाकडे माझं सतत लक्ष असतं. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांकडे जातात. मनगट करंगळीच्या बाजूला मुरडून वाजवलं की त्या कंडरा वाकड्या वाटेने ओढल्या जातात, तासन् तास. बाकाची उंची चुकली तरी तेच. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. त्याहून खाली गेलं की खांदे आपोआप वर चढतात.

दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, असं अजूनही सर्रास ऐकू येतं आणि मला त्याचा संताप येतो. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान, विशीतल्या त्याच्या उजव्या हाताने दगा दिला आणि वादक व्हायचं त्याचं स्वप्न संपलं. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं 1960च्या दशकात आपोआप मुडपायला लागली आणि पुढची कित्येक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेलंच संगीत वाजवत राहिले. हे दोघे कष्टांत कमी पडले होते, असं कोण म्हणेल?

म्हणून माझ्याकडे नियम आहे: दुखलं की तिथेच थांबायचं आणि मला सांगायचं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. ते काय म्हणतात ते कळल्यावरच आम्ही पियानो उघडतो.