एकट्याचा राउंड : बेळगावात मी गोल्फचा सराव कसा बसवला

आमचं चौघांचं टोळकं मोडलं, तेव्हा आता याचं गोल्फ सुटणार अशी घरच्यांची समजूत झाली. एकाची बदली झाली, एक मुलाकडे पुण्याला राहायला गेला, तिसऱ्याचा गुडघा त्याला कोर्सभर चालू देईना. उरलो मी. टिळकवाडीतून उजाडता उजाडता निघायचं, रेसकोर्सच्या बाजूला गाडी लावायची आणि एकट्यानेच टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट मारायच्या जागेवर, उभं राहायचं. शॉट बरा बसला तरी ‘वा!’ म्हणायला कुणी नाही. पण माझ्या खेळात गेल्या काही वर्षांत जी सुधारणा झाली, ती या एकट्याच्या राउंडांनीच केली आहे. चौघांत खेळताना आपण स्कोर करतो. एकट्याने खेळताना कोर्सला प्रश्न विचारता येतो, आणि त्याच जागेवरून पुन्हा विचारता येतो.

सुरुवात कोर्सच्या ऑफिसात विचारण्यापासून केली. एकापेक्षा जास्त बॉल मारलेले चालतील का, कुठल्या वारी गर्दी नसते, हे आधी स्पष्ट करून घ्यावं. प्रत्येक कोर्सची पद्धत वेगळी असते आणि ग्रीनची, म्हणजे होल आणि झेंडा असलेल्या बारीक गवताच्या जागेची, निगा राखणाऱ्या माळ्यांचा त्यावर पहिला हक्क असतो. मागून कुणी आलं की मी बाजूला होतो, हात करून त्यांना पुढे सोडतो आणि तेवढ्या वेळात चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे उचललेले शॉट, करत बसतो. दोन-तीन बॉल मारायचे तर डिव्हॉटही (शॉटने गवत उखडून पडलेले खड्डे) तेवढेच पडणार, ग्रीनवर पिच मार्कही (बॉल आदळल्याचे खळगे) तेवढेच. ते सगळे बुजवूनच पुढे जायचं. यात सूट नाही.

एकट्याच्या राउंडचा स्कोर हँडिकॅपला, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याला, लागत नाही. २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आली, तिच्यात ग्राह्य स्कोरसाठी किमान एक माणूस सोबत असावा लागतो. काहींना याची खंत वाटते. मला मात्र ही मोठी मोकळीक वाटते. कार्डावर काय लिहिलं जाणार ही धास्ती नसली, की ज्या शॉटची भीती वाटते तोच शॉट मुद्दाम मारून बघता येतो. झाडीच्या फटीतून खालून काढायचा, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, उतारावरून मारायचा, ओल्या रफमधून (वाढलेल्या गवतातून) लाँग आयर्न, म्हणजे लांब पल्ल्याच्या लोखंडी काठीचा शॉट. स्पर्धेत हे कुणी करून बघत नाही, करूही नये. तिथे राउंड चालू असताना सरावाचे शॉट नियमानेच चालत नाहीत. होल संपल्यावर त्या ग्रीनवर किंवा पुढच्या टीजवळ थोडं पटिंग (ग्रीनवर बॉल लोळवत होलकडे नेणं) आणि चिपिंग करता येतं, तेवढंच. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लागतो त्या प्रकारात) तर स्पर्धेच्या दिवशी आपला राउंड सुरू होण्याआधी कोर्सवर जाऊन सराव करणंही बसत नाही. म्हणजे जे काही तपासायचं ते अशाच रिकाम्या सकाळी.

घरातून निघतानाच मी एक प्रश्न ठरवतो. आज फक्त टी शॉट. किंवा आज शंभर यार्डाच्या आतलं सगळं. किंवा आज एकच बॉल, सगळं नियमाने, अगदी एक फुटाचा पटसुद्धा बुडवायचा. या तिन्हींची सरमिसळ केली की सकाळ छान जाते, हाताला काही लागत नाही.

ज्या खेळाने मला सर्वांत जास्त शिकवलं, तो दोन बॉलचा. टीवरून दोन बॉल मारायचे आणि त्यातला जो वाईट पडला तिथूनच पुढे खेळायचं. तिथे पुन्हा दोन बॉल ठेवायचे, पुन्हा वाईट निवडायचा, थेट होलपर्यंत. ऐकायला साधं वाटतं. पण पहिला ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब शॉट, फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पडला की नेहमीच्या खेळात आपण सुटतो, इथे तो तसाच पुन्हा मारून दाखवावा लागतो. एक मीटरचा पटही लागोपाठ दोनदा पडला तरच होल संपतो. नामांकित व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मे पट बुडवतात. म्हणजे त्यांच्याच हाताने आठ फुटांवरून लागोपाठ दोन पडण्याची शक्यता चारात एक. हे गणित डोक्यात बसलं आणि आठ फुटांचा पट चुकला म्हणून चिडण्याची माझी सवय गेली. त्याऐवजी पहिला पट होलच्या अगदी जवळ कसा थांबेल, याकडे लक्ष वळलं.

या खेळात स्कोर भयंकर होतो, तो लिहूच नये. लिहायचं ते एवढंच की वाईट बॉल कुठे जातो. माझ्या वहीत डाव्या-उजव्यापेक्षा ‘आखूड’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. ग्रीनच्या मागे बॉल गेल्याची नोंद शोधून काढावी लागेल इतकी विरळ. माझ्या बरोबरीच्या हौशी खेळाडूंमध्येही हेच दिसतं. आयुष्यात एकदा सुरेख बसलेल्या सेव्हन आयर्नचं अंतर आपण आपलं अंतर म्हणून धरून चालतो. मी नेहमीच्या शॉटचं अंतर धरायला लागलो आणि बहुतेक ठिकाणी एक क्लब जास्त, म्हणजे बॉल आणखी लांब नेणारी काठी, घ्यायला लागलो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे बॉल किनाऱ्यापेक्षा किंचित लांब जातो, दीडशे यार्डाला चार-पाच यार्ड धरा. गोव्यात किंवा मुंबईत खेळायला जाणाऱ्याने ते वजा करायला हवं. नऊ होल असे खेळले की बास. त्यापुढे डोकं थकतं आणि शॉट नुसते मारले जातात.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती कॅडी मामांनी, म्हणजे कोर्सवर बॅग उचलणाऱ्या मामांनी, दाखवली. घरी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलणारे मामा एकट्याच्या राउंडलाही कधीतरी बॅग घेऊन येतात. एकदा तीन-चार होल गप्प राहून म्हणाले, “सर, आज लई पळायलायसा. दम खावा की जरा. झेंडा कुटं पळून जात न्हाई.” 

चौघांत खेळताना दोन शॉटमध्ये चार-पाच मिनिटं जातात. दुसऱ्याचा बॉल शोधायचा, कुणाची पाळी ते बघायचं, गप्पा. एकटा असलो की बॉलपाशी पोचतो आणि लगेच मारतो, श्वास अजून चालण्याच्याच लयीत असतो. सरावात हीच घाई अंगवळणी पडली, तर स्पर्धेतल्या थांबण्यात हात आखडतात. तेव्हापासून बॅग बॉलच्या दहा पावलं मागे ठेवतो. तिथे उभं राहून वारा बघायचा, बॉल कुठे पडायला हवा ते नक्की करायचं, क्लब घ्यायचा, बॉलच्या मागून रेषा बघायची, मग उभं राहायचं. एकदा उभा राहिलो की विचार बंद. मन बदललं तर पुन्हा बॅगेपर्यंत मागे. मामा आता मुद्दाम हळू चालतात.

ग्रीनच्या भोवतीचं काम मात्र मी घाई न करता, मनसोक्त करतो. तीन बॉल खांद्यावरून मागे टाकायचे, हाताने ठेवायचे नाहीत. हाताने ठेवला की बॉल आपोआप गवताच्या गुबगुबीत जागी बसतो, आणि खेळात तसा कधी सापडत नाही. एक बॉल डिव्हॉटमध्ये, एक रफच्या कडेला, एक उतारावर. तिन्ही वेगवेगळ्या क्लबने खेळायचे आणि तिन्ही पटरने पूर्ण करायचे. दोन शॉटमध्ये होल झाला तर वहीत खूण, नाही तर नाही. एकाच जागेवरून एकाच वेजने (बॉल उंच उचलणाऱ्या आखूड पल्ल्याच्या क्लबने) वीस बॉल मारले की हात बसल्यासारखा वाटतो, पण तो भास कोर्सवर टिकत नाही. दर बॉलला नवा निर्णय घ्यावा लागला तर शिकणं मंद वाटतं, पण पक्कं होतं. पटिंगसाठी मी बऱ्याचदा होल सोडूनच देतो. ग्रीनच्या ज्या कोपऱ्यात उद्या झेंडा लागू शकेल तिथे एक टी, म्हणजे बॉल ठेवायची छोटी खुंटी, खोचतो आणि वेगवेगळ्या बाजूंनी तिच्याकडे पट मारतो. होलची रुंदी १०८ मिलिमीटर, टी त्यापुढे काडीएवढी. टीला नेम धरायची सवय झाली की नंतर होल ऐसपैस वाटतो.

पावसाळ्यात बेळगावचा कोर्स वेगळाच होतो. घाटाकडून येणारा पश्चिमेचा वारा, भुरभुर पाऊस, आणि पडलेला बॉल तिथल्या तिथे रुतणार. रोल नाही. या दिवसांत मी फक्त हवेतलं अंतर मोजतो, कारण ते खोटं बोलत नाही. उलट मार्च-एप्रिलमध्ये लाल माती टणक होते, बॉल टप्पा खाऊन सुटतो, तेव्हा ग्रीनच्या अलीकडे टप्पा पाडून बॉल लोळत नेण्याचा सराव करायचा. त्याच दिवसांत टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला की मी सरळ जागा बदलतो.

एकटं खेळणाऱ्याने जपायच्या गोष्टींत झाडीचं नाव मी सर्वांत वर लिहीन. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या गोल्फ कोर्सच्या परिसरात बिबट्या दिसला, आजूबाजूच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली, त्याला शोधायला शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलूहून हत्ती आणले. बेळगावकर ते दिवस विसरलेले नाहीत. बिबट्या नसला तरी पावसाळ्यात घोणस असते. नियमाने बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात, २०१९ च्या आधी पाच मिळायची. सरावात मी तीही घेत नाही. दाट झुडपात गेलेला बॉल गेला, दुसरा खाली टाकून पुढे. घरी वेळ सांगून निघतो, फोन खिशात ठेवतो, बॅगेत नाही.

सध्या मी तीन क्लबचा राउंड खेळतोय. नियमाने बॅगेत चौदा नेता येतात, मी फाइव्ह आयर्न, नाइन आयर्न आणि पटर एवढेच घेतो. बंकरमधून नाइन आयर्नने बाहेर यायचं तर क्लबचं तोंड किती उघडायचं, फाइव्ह आयर्न अर्ध्या स्विंगने मारला तर किती जातो, याची उत्तरं हळूहळू वहीत जमा होतायत. फाइव्ह आयर्नच्या पानावर अजून पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची नोंद नाही, ती ऑक्टोबरनंतर वारा फिरला की भरेन.